आत गेलेला राजा

शेवगावच्या पूर्वेला, मराठवाड्याची हद्द जवळ येते तिथल्या एका गावात मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवत होते. नव्वदीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. माझे यजमान श्रीरामपूरजवळ बेलापूरकडच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते आणि हंगाम सुरू झाला की त्यांचं घरी येणं जवळपास बंदच व्हायचं. गावात मी आणि दुसरीत जाणारी माझी मुलगी, अशा दोघीच राहायचो. भाड्याच्या दोन खोल्या होत्या. अंगणापलीकडे घरमालकीण मावशी राहायच्या.

नाण्यांचा नाद मला शाळेनंच लावला. मुलांना ठसे शिकवताना मी जुन्या पैशांवर कागद ठेवून पेन्सिल घासायला सांगायची. गुळगुळीत झालेल्या तांब्यातूनही राजाचं डोकं कागदावर उमटायचं आणि मुलं खूश व्हायची. एकदा तपासताना लक्षात आलं, की एकाच राजाचे, एकाच सालाचे दोन पैसे कागदावर वेगवेगळे उमटलेत. एकाच्या सालाखाली बारीक टिंब होतं, दुसऱ्याच्या नव्हतं. पुढं वाचून कळलं की टिंबाचा पैसा मुंबईच्या टांकसाळीतला आणि बिनटिंबाचा कलकत्त्याचा. मग डोळ्याला सवयच लागली. कुठं अक्षरं दुहेरी दिसायची. कुठं राजाच्या नाकापासून काठापर्यंत केसाएवढी रेघ उठलेली असायची. पोलादी साच्याला तडा गेला की तो तडा नाण्यावर असा उंच होऊन उतरतो. भोकाच्या पैशाचं भोक एका बाजूला सरकलेलं असायचं. मला त्या चुका आवडायच्या. हजारो सारख्या नाण्यांत त्या दिवशी तिथं काय घडलं, ते एवढ्याच नाण्यावर लिहिलेलं असतं असं वाटायचं.

शेवगावात मोडीची भांडी घेणारे एक दुकानदार होते. हंडे, घंगाळी यांच्याबरोबर त्यांच्याकडे जुने पैसेही वजनावर यायचे. बाजारच्या दिवशी मी मुलीला घेऊन एसटीनं जायची. मला पाहिलं की ते फळीखालून पत्र्याचा डबा ओढायचे आणि म्हणायचे, "बघा बाई, आज काय चुकलंय का."

त्या डब्यात एके दिवशी तो पाव आणा सापडला. एका बाजूला पाचवा जॉर्ज, नेहमीसारखा मुकुट घालून डावीकडे बघणारा. पैसा उलटला. तिथं किंमत आणि साल असायला हवं होतं, तर तिथंही राजाच होता. पण उठावाचा नव्हता, आत गेलेला. ओल्या मातीत कुणी चेहरा दाबून काढून घ्यावा तसा, उजवीकडे तोंड केलेला, भोवतीची अक्षरं आरशातल्यासारखी उलटी.

ही चूक कशी होते ते मला वाचून माहीत होतं. एक छापलेलं नाणं साच्याला चिकटून राहतं. पुढची कोरी चकती त्याच्यावर येऊन दाबली जाते. तिच्या एका बाजूला साच्याचा ठसा उमटतो आणि दुसऱ्या बाजूला त्या चिकटलेल्या नाण्याचा. एवढंच. पण असं नाणं मी पहिल्यांदाच हातात धरत होते. परतीच्या एसटीत मी मूठ उघडली नाही.

त्या आत गेलेल्या चेहऱ्याची एक गंमत होती. खिडकीपाशी धरून बाजूनं ऊन पाडलं की तो खोलगट न दिसता वर आल्यासारखा वाटायचा आणि नाणं जरा हललं की राजा मान वळवून आपल्याकडे बघतोय असा भास व्हायचा. मी चित्रकलेची, उजेडानं डोळा कसा फसतो ते मला ठाऊक. मुलीला दाखवलं. ती आधी दचकली, मग खिदळत पुन:पुन्हा बघत बसली.

शाळेच्या स्नेहसंमेलनात मी 'चुकलेली नाणी' म्हणून एक टेबल मांडलं. माहिती सांगायला मुलीला उभं केलं. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून लोक आले होते. ती एकेक नाणं दाखवून घडाघडा सांगत होती आणि लोक तिच्याकडे कौतुकानं बघत होते.

पन्नाशीचे एक गृहस्थ बराच वेळ टेबलापाशी उभे राहिले. शेजारच्या गावचे बागाईतदार, त्यांचे दोन ट्रॅक्टर होते, एवढं मला ओळखीनं माहीत होतं. त्यांच्या मागं एक किडकिडीत माणूस होता, खांद्याला कापडी पिशवी. ट्रॅक्टरवाले नाण्याकडे बघत होते. पिशवीवाला टेबलाखाली बघत होता. मला वाटलं याचं काही पडलंय. नंतर कळलं की तो मुलीच्या पायांकडे बघत होता.

चार-आठ दिवसांनी दोघं घरी आले. संध्याकाळ व्हायची होती, मी कणीक मळत होते.

"बाई, तो उलटा राजा जरा बगायचा हुता," ट्रॅक्टरवाले म्हणाले. बोलणं अगदी अदबीचं. मी नाणं आणलं. त्यांनी हात पुढं केला नाही, रुमाल पसरला. त्यावर नाणं ठेवल्यावर त्यांनी ते कपाळाला लावलं.

"अहो, देव नाही तो," मी हसत म्हटलं. "टांकसाळीतली चूक आहे."

मी कणकेचा गोळा घेतला, त्यात एक साधा पैसा दाबला आणि काढून दाखवला. कणकेत राजाचा खळगा पडला होता. "हे बघा. असंच झालं. यंत्रात एक नाणं अडकलं, त्याच्यावर दुसरं दाबलं गेलं."

त्यांनी तो खळगा नीट पाहिला. "व्हय. बराबर हाय," म्हणाले. मग विचारलं, "पर बाई, लाखभर पैशांत ह्योच का अडकला? आन् अडकला तर हितं, तुमच्याच घरात का आला?"

याला उत्तर होतं. डबा चाळणारी मी एकटीच होते म्हणून आला. पण ते उत्तर त्यांच्या कामाचं नव्हतं.

त्यांनी नाणं मागितलं. मी नाही म्हटलं. त्यांनी जोर केला नाही. उठताना पिशवीवाल्यानं कोपऱ्यात पाटी घेऊन बसलेल्या मुलीकडे पाहिलं आणि ट्रॅक्टरवाल्यांनी सहज विचारलं, "पोरगी पायाळू हाय न्हवं?"

माझ्या तोंडून 'हो' निघून गेलं.

मुलगी पायाकडून जन्मली होती, हे खरं होतं. तालुक्याच्या दवाखान्यात दोन दिवस अडून, कशीबशी सुटका झाली होती. सासूबाई एकदा राहायला आल्या तेव्हा त्यांनी ते मावशींना सांगितलं आणि मावशींची कंबर धरली तशी त्यांनी मुलीला बोलावून घेतलं. पायाळू माणसाचा पाय लागला की उसण उतरते, असं तिकडे सगळेच मानतात. मुलीनं पाय लावला. मावशी दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागल्या. मग गल्लीतल्या बायका यायला लागल्या. मुलगी प्रत्येकीच्या कमरेला हलकी लाथ मारायची आणि गोळ्या-बिस्किटं घेऊन घरी यायची. माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्या दिवसापासून आमच्या घरात असलं काही उरलं नव्हतं. मी मावशींना दोन-तीनदा बोलले. पण त्या हसण्यावारी न्यायच्या आणि मलाही तो पोरखेळच वाटायचा.

पायाळूचं दुसरं प्रकरण मला माहीत नव्हतं असं नाही. पुरलेलं धन पायाळूला दिसतं, त्याच्या तळव्याला कळतं, अशा गोष्टी लहानपणी मीही ऐकल्या होत्या. पण ऐकलेलं आणि आपल्या दारात आलेलं यांची सांगड मनात लगेच बसत नाही.

ती सांगड बसली एका दुपारी, जेवताना. मुलगी भाकरीचा तुकडा हातात घेऊन म्हणाली, "आई, माझे पाय गरम झालेच नाहीत."

"कशानं गरम?"

"गढीत. ते ट्रॅक्टरवाले बाबा म्हणाले, अनवाणी चाल आणि पायाखाली गरम लागलं की सांग. मी सगळीकडे चालले. एके ठिकाणी काटा टोचला, तर ते म्हणाले हितंच, हितंच."

गावाबाहेर एक पडकी गढी होती. बाभळींनी भरलेली, चार बुरुजांतला एक उरलेला. माझा घास तसाच राहिला. मी आवाज चढू दिला नाही. "कोण घेऊन गेलं तुला?"

"मावशी होत्या की बरोबर. त्या बाबांनी मला नवं फ्रॉकचं कापड दिलंय. हिरवं. मावशींनी शिवायला टाकलंय."

"आणखी काय म्हणाले?"

"अवसेला पुन्हा जायचंय. तो राजा हातात धरून चालायचं. तू विसरशील म्हणून मी आणायचा, म्हणाले." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू रागावलीस?"

तिचं जेवण होईपर्यंत मी तिथंच बसून राहिले. मग अंगण ओलांडून मावशींकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मला पाहून त्यांनी मान खाली घातली, ती वर केलीच नाही.

"वाईट काय करनारेत, बाई? नुसतं चालवायचं हाय पोरीला."

"आणि चालवून झाल्यावर?"

"मला न्हाई म्हाईत. मोठी मानसं हायती ती. मला म्हनले तू संगं ऱ्हा, म्हून गेले." तांदळातून त्यांची बोटं नुसतीच फिरत होती. "नवा फ्रॉक घालून आनायला सांगितलंय. आंघुळ घालून."

आंघोळ घालून. जत्रेत कापायच्या बोकडालाही आधी आंघोळ घालतात.

मी चौकीवर गेले. तिथल्या हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं. "गुन्हा काय घडलाय, बाई? मुलगी चालली. तुमच्या ओळखीची बाई बरोबर होती. कुणी धमकावलं? कुणी हात लावला?" मी नाही म्हटलं. "मग लिहू काय?" आमचे मुख्याध्यापक घाबरले. "तो पैसा देऊन टाका," ते म्हणाले. "हवाय काय त्यांना, तो पैसाच ना? पीडा टळेल." यजमानांना कारखान्यावर फोन लावला, तर तेही तेच म्हणाले, आणि सुट्टी मिळाली की निघतो, म्हणाले.

मलाही ते पटलं. असं नाणं मला पुन्हा कधी मिळणार नव्हतं, पण त्याचं मला त्या दिवशी काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलीला वर्गात बसवून, तिच्या बाईंना मी येईपर्यंत हिला कुणाच्याही हवाली करू नका असं सांगून मी शेजारच्या गावी गेले. वाट गढीवरून जाते. बाभळींच्या आत ताजी माती उपसलेली दिसली. मी जवळ गेले. खड्डा होता. धन शोधणारे लोक कुठंही वेडंवाकडं खणतात. हा चौकोनी होता, कडा सारख्या केलेल्या, भोवतीची जमीन शेणानं सारवलेली. फार लांबरुंद नव्हता. मी तिथं जास्त थांबले नाही.

ट्रॅक्टरवाल्यांचं घर कुठल्याही खात्यापित्या घरासारखं होतं. ओसरीवर धान्याची पोती, टीव्हीवर भरतकामाचा रुमाल. मुलीच्याच वयाची एक मुलगी जमिनीवर पालथी पडून गृहपाठ करत होती. तिची आई माझ्यासाठी चहा घेऊन आली. पिशवीवाला खांबाला टेकून बसला होता. त्याचा मुक्कामच तिथं होता.

मी नाणं पोत्यावर ठेवलं. "हे घ्या. मला काही नको त्याचं. पण माझ्या मुलीला पुन्हा हाक मारू नका."

ट्रॅक्टरवाल्यांना खरंच आनंद झाला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. रुमालात नाणं बांधून त्यांनी ते पिशवीवाल्याकडे दिलं. मग माझ्याकडे वळून त्याच अदबीनं विचारलं, "मंग पोरीला कवा धाडता?"

मला वाटलं, मी बोललेलं त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"तुमी भिऊ नका, बाई," ते म्हणाले. "तिला काय सुदीक व्हनार न्हाई."

"मग तुमची मुलगी न्या की."

त्यांनी गृहपाठ करणाऱ्या पोरीकडे पाहिलं. त्यांना राग आला नाही. एखाद्याला साधी गोष्ट समजत नाही तेव्हा समजावून सांगतात, तशा आवाजात ते म्हणाले, "ती पायाळू न्हाई."

तिची आई माझ्यासमोर चहाचा कप धरून उभी होती. तिनं कप खाली ठेवला आणि पोरीला उठवून आत नेलं. तेव्हा पिशवीवाला पहिल्यांदा बोलला. बारीक, जवळजवळ बायकी आवाज होता त्याचा. "राजा सोताच तोंड फिरवून बगतोय तिच्याकडं. मी बगितलंय. तुमी न्हाई म्हनून काय व्हतं?"

मी चहा घेतला नाही. गावात येईपर्यंत मागं वळून पाहायचं नाही असं ठरवलं होतं आणि दर थोड्या वेळानं पाहत होते. वर्गातून मुलीला घेतलं, घरी न जाता तशीच स्टँडवर आले आणि मिळेल ती एसटी धरली. दप्तर पाठीला, पायात शाळेचे बूट. "कुठं चाललो आपण?" तिनं विचारलं. "बाबांकडे," म्हटल्यावर तिनं टाळ्या वाजवल्या. शेवगाव सुटेपर्यंत मी तिचा हात एवढा घट्ट धरला होता, की तिच्या मनगटावर माझ्या बांगडीचा वळ उठला.

मुलीला कारखान्याच्या वसाहतीत ठेवून मी वर्ष संपेपर्यंत एकटी परत येऊन राहिले. नोकरी तशी सोडता येत नव्हती. अवस येऊन गेली. काहीच झालं नाही. कुणी माझ्याशी भांडलं नाही, कुणी दारात आलं नाही. ट्रॅक्टरवाले रस्त्यात दिसले की नमस्कार करायचे. "पोरगी बरी हाय न्हवं?" असं विचारायचे. त्या विचारण्यानं माझी झोप जायची.

वार्षिक परीक्षा झाली, मी राजीनामा दिला आणि सामान बांधायला काढलं. मावशी भांडी कागदात गुंडाळून द्यायला आल्या. निम्मी भांडी गुंडाळून झाली. मग म्हणाल्या, "तुमचं चांगलं झालं, बाई. त्यास्नी आता दुसरी घावली."

"दुसरी काय?"

"पायाळू. त्येंच्याच वस्तीवरली. मायबाप पोरीला घिऊन तोडीला गेलेत, तुमच्या त्या कारखान्याकडंच. पट्टा पडला की येनार हायती."

पट्टा पडणं म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपणं. त्याला फार दिवस उरले नव्हते.

कारखान्यावर पोचले त्याच दिवशी आम्ही दोघं तोडकऱ्यांच्या कोप्यांवर गेलो. उसाच्या पाचटाच्या त्या बुटक्या झोपड्या, रांगेनं. आमच्या भागातल्या टोळ्या कुठं उतरल्यात ते यजमानांना गाडीवानांकडून कळलं होतं. विचारत विचारत एका कोपीपाशी आलो. माझ्याहून लहान एक बाई वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, मोळ्या बांधत होती. शेजारी सात-आठ वर्षांची पोरगी तान्ह्या भावाला काखेत घेऊन उभी. मी गावाचं नाव काढलं, तशी बाई हसली. मी हळूच विचारलं, "ही पायाळू आहे का?"

हसू गेलं. "तुमाला कुनी सांगितलं?"

मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. गढी, खड्डा, फ्रॉक, माझी मुलगी. शेवटी ती म्हणाली, "मालकांनी निरोप धाडलाय, पोरीला फ्रॉक घेतलाय म्हून." मग खाली बसली. "तुमी तुमची पोरगी उचलून आनलीत, बाई. आमचं घर त्येंच्याच रानात हाय. आमी ते कुठं उचलून न्यावं?"

माझे यजमान एरवी कमी बोलतात. ते म्हणाले, "घर राहू द्या. पोरीला कोण आहे? मामा, मावशी?"

मामा होता, खर्ड्याकडे. तिच्या नवऱ्याशी बोलायला, त्याला पटवायला दोन दिवस गेले. त्याला वाटत होतं, आपण उगाच मालकाचा रोष ओढवून घेतोय. बायकोनं त्याला एकच गोष्ट सांगितली, असं ती मला नंतर म्हणाली. पोरीला आंघोळ घालून बोलावलंय. तो उठला आणि मेव्हण्याला निरोप द्यायला गेला. मामा आला. श्रीरामपूरच्या स्टँडवर आम्हीच दोघांना बसवून दिलं. पोरीकडे एक गाठोडं होतं. एसटीत पहिल्यांदाच बसत होती, खिडकी सोडायला तयार नव्हती.

पट्टा पडल्यावर तिचे आईबाप पोरीशिवाय वस्तीवर गेले. पावसाच्या आधी त्यांच्या घरावरचे पत्रे काढून नेले गेले. पुढं ते कुठं राहिले, मला कळलं नाही. त्या टोळीत ते पुन्हा आले नाहीत. गढीतलं खणणं चालूच आहे, असं दोन वर्षांनी शेवगावच्या दुकानदारांनी सांगितलं. आता बुरुजाखाली खणतात, म्हणाले. मग त्यांनी सवयीनं फळीखालून डबा ओढला. मी त्या दिवशी डबा चाळला नाही.

पुढं नव्या शाळेची सहल खर्ड्याचा किल्ला बघायला गेली, तेव्हा मुलांना दुसऱ्या बाईंवर सोपवून मी त्या पोरीच्या मामाचं घर शोधलं. दारात एक मुलगी हापशावरून आणलेली घागर उतरवत होती. उंच झाली होती, पण मी ओळखलं. "तू त्या कोपीवरची ना?" म्हटलं, तर तिनं घागर तशीच टाकली, आत पळाली आणि दार लावून घेतलं. पाणी अंगणभर झालं.

मामी बाहेर आली. मी कोण ते सांगितल्यावर तिनं मला बसायला पोतं अंथरलं, पण आवाज खालीच ठेवला. पोरगी बरी आहे, म्हणाली. शाळेत जाते. रात्री कधी कधी उठून बसते, तेवढंच.

"तिला एकदा बघू का?"

"नगं बाई." मामीनं शेजारच्या घराकडे एकदा पाहिलं. "हितं आमी ती डोक्याकडून जल्मली म्हून सांगितलंय. तुमी बी कुनी इचारलं तर तसंच सांगा."

मी सांगते म्हटलं. आतून कडी चाचपल्याचा आवाज आला. दार उघडलं नाही.